भीमथडीच्या तट्टाचे पाय

मंडळाच्या कार्यक्रमात नवी ओळख झाली की "आपण काय करता?" हा प्रश्न येतोच. मी घोड्यांचा डॉक्टर आहे म्हटले की समोरचे गृहस्थ क्षणभर थांबतात आणि मग विचारतात, "म्हणजे नक्की बघता काय?" माझे उत्तर गेली कित्येक वर्षे एकच आहे. पाय. घोड्याचे पोटही दुखते, त्याला ताप येतो, दातही घासावे लागतात. पण ज्या कामासाठी माणसाने घोडा पाळला ते काम अडते ते बहुतेक वेळा पायापाशी. आपल्याकडे "घोडे कुठे पेंड खाते?" असे विचारतात. माझ्या अनुभवात ते बहुधा गुडघ्याच्या खालीच पेंड खात असते.

खलिफा सिटीत राहायला आल्यापासून घोडे हा विषय घरच्यांनाही चुकलेला नाही. अल फोरसान क्लबाची रिंगणे इथेच आहेत, आणि अल वथबाचे एंड्युरन्स व्हिलेज गाडीने फार दूर नाही. शनिवारी सकाळी मंडळातल्या मुली घोडेस्वारी शिकायला जातात आणि त्यांचे आईवडील मला अरबी घोड्यांविषयी विचारतात. अरबी घोड्याबद्दल सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पण मी जन्मलो दौंड तालुक्यात, भीमेच्या काठी. म्हणजे ज्या मुलखाला पूर्वी भीमथडी म्हणत, तिथला. त्यामुळे यंदा स्मरणिकेसाठी इतिहासावर लिहायचे ठरले तेव्हा मनात आले की मराठ्यांच्या घोड्यांविषयी लिहावे, आणि तेही खालून वर. इतिहास लिहिणारे बहुधा घोड्यावर बसलेल्या माणसाकडे पाहतात. माझी नजर सवयीने खाली जाते.

आधी थोडे शरीरशास्त्र, कंटाळा येणार नाही इतकेच. घोड्याच्या पुढच्या पायात आपण ज्याला गुडघा म्हणतो तो खरे तर त्याच्या मनगटाचा सांधा आहे. मागच्या पायात जो उलटा वाकलेला सांधा दिसतो, ज्याला आम्ही हॉक म्हणतो, ती त्याची टाच. म्हणजे घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो आणि खूर म्हणजे त्या बोटाचे नख. गुडघ्याच्या आणि हॉकच्या खाली कामाचा असा स्नायू जवळजवळ नाही. हाडे, त्यांना बांधून ठेवणारे बंध आणि वरच्या स्नायूंपासून आलेल्या दोरखंडासारख्या शिरा, एवढेच. म्हणून घोड्याचा पाय खाली इतका सडसडीत असतो, आणि म्हणूनच तिथे झालेली इजा भरून यायला महिनोन्‌महिने लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे घोड्याला गळपट्टीचे हाड नाही. पुढचे दोन पाय छातीला हाडाने जोडलेले नसून स्नायूंच्या झोळीत धड टांगलेले असते. उभ्या घोड्याच्या वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग या पुढच्या पायांवर पडतो. भरधाव धावताना एक क्षण असा येतो की सगळा भार एकाच पुढच्या पायावर असतो, आणि त्या क्षणी तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट होतो. चारशे किलोचा अरबी घोडा असेल तर हजार किलो, एका बोटावर. हे प्रत्येक ढांगेला.

आता पायाची ठेवण चांगली की वाईट हे कसे ओळखायचे? गवंड्याचा ओळंबा आठवा. घोड्याच्या समोर उभे राहून खांद्याच्या टोकापासून ओळंबा सोडला तर तो गुडघ्याच्या, नळीच्या, घोट्याच्या आणि खुराच्या बरोबर मधून गेला पाहिजे. खूर आत वळलेला असेल तर चालताना पाय बाहेरच्या बाजूने गोल फिरून येतो, वल्हे मारल्यासारखा. खूर बाहेर वळलेला असेल तर पाय आतून फिरतो आणि थकलेला घोडा स्वतःचाच दुसरा पाय ठोकरतो. दहा किलोमीटर चालायचे असेल तर यातले काहीच बिघडत नाही. शंभर किलोमीटर जायचे असेल तर पावलागणिक बोटभर वाया गेलेली चालही सांध्यावर साठत जाते.

बाजूने पाहिले की आणखी बरेच कळते. गुडघा किंचित पुढे झुकलेला असला तर दिसायला बरा नसतो, पण फारसे नडत नाही. मागे झुकलेला असेल तर मात्र वाईट, कारण वेगात त्याच्या पुढच्या बाजूची छोटी हाडे एकमेकांवर चेपली जातात आणि त्यांचे कपचे उडतात. घोटा आणि खूर यांच्यामधला जो तिरका भाग, पॅस्टर्न, तो म्हणजे घोड्याची स्प्रिंग. तो लांब आणि तिरका असेल तर स्वाराला पालखीत बसल्यासारखे वाटते, पण मागच्या शिरांवर ताण येतो. आखूड आणि उभा असेल तर चाल आखूड आणि ठणके देणारी होते आणि हादरा सरळ हाडात जातो. मागचा पाय हॉकपाशी विळ्यासारखा वाकलेला असेल तर घोडा ढकलायला कमी पडतो. गाईसारखे हॉक आत वळलेले असतील तर थोडेफार चालवून घेतात. डोंगरी जनावरांत हे सर्रास दिसते आणि ती जन्मभर डोंगर चढतात.

हे सगळे उभ्या घोड्यात दिसते, पण खरे कळते ते दुडकीत. अल वथबाला १६० किलोमीटरची शर्यत असते तेव्हा दर टप्प्यानंतर घोडा आमच्यापुढे येतो. नाडी ठरलेल्या आकड्याखाली, साधारण ६४ च्या आत, उतरली आहे ना ते पाहतो आणि मग त्याला हातात धरून सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवत नेऊन परत आणायला सांगतो. दुडकीत कर्णरेषेतले दोन-दोन पाय एकत्र पडतात, ताल अगदी सारखा असतो, म्हणून लहानशी लंगडही लपत नाही. दुखरा पुढचा पाय टेकतो तेव्हा घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकतो तेव्हा खाली करतो. नवशिके नेमके उलटे समजतात. १९९८ साली या खेळाची जागतिक स्पर्धा दुबईत झाली. तेव्हापासून इथल्या सपाट वाळूवरचे वेग वाढतच गेले आणि वेगाबरोबर पायांच्या दुखापतीही. म्हणून पुढे बूथिबच्या शर्यतींत ताशी २० किलोमीटरची कमाल मर्यादा घातली गेली आणि उत्तम स्थितीत परत आलेल्या घोड्याला मान मिळू लागला. मला विचाराल तर तोच खरा खेळ.

आता इतिहासाकडे वळू. घोडा पारखण्याचे शास्त्र आपल्याकडे फार जुने. शालिहोत्राचे नाव सर्वांना माहीत असते. नकुलाच्या नावावर अश्वचिकित्सा आहे, जयदत्ताचे अश्ववैद्यक आहे, आणि कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासात, म्हणजे बाराव्या शतकात, घोड्यांचे देश, रंग, आवर्त आणि चाली यांचा विचार आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात घोड्यांवरची सचित्र हस्तलिखितेही आहेत. या ग्रंथांत औषधांचा भाग मोठा आहे आणि त्यातला काही आजही वाचण्यासारखा आहे. पण लोकांच्या तोंडी राहिले ते काय? आवर्त, म्हणजे भोवरे. गळ्यावर देवमण असला तर घोडा भाग्याचा. चारही पाय आणि तोंड पांढरे असले तर पंचकल्याणी. अमुक ठिकाणी भोवरा असेल तर धनी मरतो. केसांचा भोवरा घोड्याच्या चालीत एका सुताचाही फरक करत नाही, पण किमतीत करतो, आणि अजूनही करतो. अरबांनीही पायांच्या पांढऱ्या खुणांवरून शकुन पाहिले, इंग्रजांच्याही याबाबत म्हणी होत्या. गंमत अशी की ज्या पांढऱ्या पायांना आपण कल्याणकारी म्हणालो त्याच पांढऱ्या पायांवर इतरांचा राग होता.

घोड्याच्या व्यापारात हा आपला आखात आणि आपली कोकणपट्टी यांचे नाते किती जुने आहे ते सांगायला एक प्रकरण पुरे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याविषयी लिहून ठेवले आहे की तिथल्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता. लुटीतले बाकी सगळे चाच्यांचे, घोडे मात्र राजाचे! इतके घोडे त्या वाटेने येत होते. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला त्यामागे हा व्यापार हातात घेण्याचाही हेतू होता. पुढे मुंबई वाढली तसे बसरा, कुवेत इथून खजूर आणि घोडे मुंबईस उतरू लागले आणि भेंडीबाजाराच्या आसपास अरब सौदागरांचे तबेले उभे राहिले. मुंबईच्या सुरुवातीच्या शर्यती मुख्यतः अरबी घोड्यांच्याच. घोड्याचे पैसे रुपयांत चुकते होत. अबुधाबीत १९६६ पर्यंत रुपयाच चालत होता हे नव्या पिढीला सांगितले की खरे वाटत नाही.

तर असे हे समुद्रावरून आलेले अरबी, खुष्कीने आलेले तुर्की आणि इराणी घोडे दक्षिणेतल्या सुलतानांच्या पागांत पोचले आणि त्यांचे रक्त भीमा, नीरा आणि माण या नद्यांच्या खोऱ्यांतल्या लहान तट्टांत मिसळले. त्यातून जे जनावर तयार झाले ते भीमथडी. भीमेची थड, म्हणजे काठ. महाभारतातल्या भीमाचा इथे काही संबंध नाही. पावसाच्या छायेतला हा कोरडा मुलूख. गवत आखूड पण कसदार, जमीन काळ्या दगडाची, हवा कोरडी. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज लेखकांनी या जातीचे वर्णन मध्यम बांध्याची, बळकट, बहुधा गडद कुमाईत रंगाची आणि काळ्या पायांची असे केले आहे. काळ्या पायांचे कौतुक करण्यामागे काळा खूर पांढऱ्या खुरापेक्षा कठीण ही तेव्हाची समजूत असावी. प्रयोगशाळेत तपासले तेव्हा रंगाने काठिण्यात म्हणावा असा फरक आढळला नाही. खुराचा टणकपणा ओलाव्यावर, खाण्यावर आणि आईबापांवर अवलंबून असतो. कोरड्या दगडी जमिनीवर वाढलेला खूर टणक असतो, आणि तो वाढला होता तसल्याच जमिनीवर. इंग्रजांचे निरीक्षण बरोबर होते, कारण चुकले होते.

उंचीने हे तट्टू तेरा हातांच्या आसपास. इथे घोड्याचा हात म्हणजे चार इंच, त्यामुळे एकशेतीस सेंटिमीटर धरा. इथल्या अरबी घोड्याशेजारी उभे केले तर मुले त्याला शिंगरू म्हणतील. आपल्या भाषेनेही त्याला न्याय दिलेला नाही. भाड्याचे तट्टू, अडेलतट्टू असे शब्द आपण सहज वापरतो आणि ज्याच्या पाठीवरून दिल्ली गाठली त्याच जनावराला शिवी करून ठेवतो. पण लहान असणे हा पायांच्या दृष्टीने तोटा नव्हे. हिशेब सोपा आहे. जनावराची उंची वाढली की वजन उंचीच्या घनाने वाढते आणि हाडाचा छेद फक्त वर्गाने. तेरा हातांचा घोडा त्याच प्रमाणात वाढवून पंधरा हातांचा केला तर वजन दीडपट होईल आणि नळीच्या हाडाचा छेद एक तृतीयांशच वाढलेला दिसेल. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर पंधरा टक्के जास्त भार. निसर्ग मोठ्या घोड्यात थोडी भरपाई करतो, पण पूर्ण नाही. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्वाराचे वजन काही घोड्याच्या मापाने कमी होत नाही. अडीचशे किलोच्या तट्टावर साठ किलोचा माणूस, वर खोगीर, ढाल, तलवार, भाला आणि दाण्याची थैली, हे त्याच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाच्या वर जाते. आज आम्ही पाचव्या हिश्शापर्यंतच बरे समजतो. म्हणून मराठी स्वाराने चिलखत टाळले, तंबू आणि बुणगे टाळले, हे केवळ गनिमी काव्याचे धोरण नव्हते. त्याच्या घोड्याच्या नळीचे ते गणित होते, असे मला वाटते.

आणि नुसते घोडे चांगले असून भागत नाही. सभासदाची बखर बहुतेकांनी शाळेत असताना थोडीफार ऐकलेली असते, पण तिच्यातला माझा आवडता भाग अफझलखानाचा नाही. पागेची व्यवस्था सांगताना सभासद लिहितो की पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, आणि त्याच पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे हजार घोड्यांमागे चाळीस नालबंद! खूर महिन्याला सेंटिमीटरच्या आसपास वाढतो आणि दगडावर नाल पाच-सहा आठवड्यांत झिजते. एका माणसाने पंचवीस घोडे धरायचे तर रोज एखाद-दुसरा घोडा, म्हणजे प्रत्येक घोड्याची पाळी वेळेवर येते. ज्याने हा आकडा ठरवला त्याला घोड्याच्या पायाची चांगली समज होती. एवढ्या प्रमाणात नालबंद बाळगणे आजच्या मोठ्या तबेल्यांनाही जड जाईल.

तीच गोष्ट पावसाळ्याची. सभासदाच्या म्हणण्याप्रमाणे पावसाळ्यात लष्कर छावणीला परतायचे. तिथे दाणा, रातीब, औषधे आणि घोड्यांसाठी गवताने शाकारलेली घरे आधीच तयार ठेवलेली असत. दसऱ्याला पुन्हा कूच. आपण याला सीमोल्लंघन म्हणून सोने वाटतो. घोड्याच्या डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर चार महिने चिखलात उभा राहिलेला खूर मऊ पडतो, तळवा कुजतो, आणि असा घोडा मोहिमेवर नेला तर पहिल्याच घाटात लंगडतो. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडच्या छावणीतल्या लोकांना शिवाजीमहाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्धच आहे. रयतेला त्रास देऊ नका हा आशय आपण सांगतो, आणि तो सांगावाच. पण त्या पत्राचा मोठा भाग पागेविषयी आहे. दाणागवत आताच उधळले तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल, रात्री दिवे उघडे ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवत पेटेल, इथपर्यंत तपशील आहे. राज्य चालवणारा माणूस उंदराचा विचार करतो आहे, कारण गवताच्या गंजीवर त्याचे घोडदळ उभे आहे.

पहिल्या बाजीरावाच्या दौडीकडे मी याच हिशेबाने पाहतो. २८ फेब्रुवारी १७२८ ला पालखेडला त्याने निजामाला कोंडीत पकडले त्याआधी तो महिनोन्‌महिने खानदेश, गुजरात असा फिरत होता. मार्च १७३७ मध्ये मोगल फौजांना बगल देऊन तो एकदम दिल्लीपुढे उभा राहिला. दहा मजलांची वाट दोन दिवसांत तोडली असे म्हणतात. दिवसाला शंभर किलोमीटरच्या आतबाहेर असे धरले तरी एका घोड्याला हे अशक्य नाही. अल वथबाला घोडे सात तासांच्या आसपास १६० किलोमीटर जातात. पण आमचे घोडे शर्यत संपली की कित्येक आठवडे विश्रांती घेतात, बर्फाच्या पाण्याने त्यांचे पाय थंड करतात, आणि शर्यतीला उतरलेल्यांपैकी अर्ध्याहून जास्त कधीकधी पूर्णच करत नाहीत. बाजीरावाला हजारो घोडे तिसऱ्या दिवशीही उभे हवे होते. त्याचा चमत्कार कुठे असेल तर तो वेगात नाही, तिसऱ्या दिवसाच्या सकाळी आहे. मोठी ढांग टाकणाऱ्या उंच घोड्याने पहिल्या दिवशी त्याला मागे टाकले असते. वाळूत शिरांवर ताण येतो, दगडावर हाडांना आणि खुरांना हादरे बसतात. दख्खनच्या वाटांवर आखूड नळीचा, टणक खुराचा, पाऊल आखूड पण नेमके टाकणारा घोडाच टिकणार होता.

सरदारांना अर्थात अरबी घोड्यांची हौस होती आणि ती वाढत गेली. लढाईची तऱ्हाही बदलली. २३ सप्टेंबर १८०३ ला आसईला, आजच्या जालना जिल्ह्यात, आर्थर वेलस्लीचा एक घोडा मेला आणि डायोमेड नावाचा दुसरा, करडा अरबी, भाल्याने जखमी झाला. तोफा आणि कवायती पायदळ यांच्या लढाईत तट्टांच्या दौडीला पूर्वीची किंमत राहिली नव्हती. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि शिलेदारांच्या पागा मोडल्या. काही स्वार पूना हॉर्ससारख्या पलटणींत गेले. इंग्रजांना मात्र जड स्वार वाहणारे उंच घोडे हवे होते आणि ते पुढे ऑस्ट्रेलियातून, न्यू साऊथ वेल्समधून, जहाजाने येऊ लागले. त्यांना त्या नावावरूनच वेलर म्हणत. ज्याला लष्करात गिऱ्हाईक नाही त्याची पैदास कोण करणार? त्यात १८७६-७७ चा दुष्काळ आला आणि दख्खनची जनावरे चाऱ्यावाचून गेली. टांगा, पोष्ट, बाजाराचे ओझे, अशा कामांवर तट्टू उरले, आणि मग एसटी आली.

तरीही भीमथडी संपली नाही, याचे श्रेय धनगरांना. मेंढपाळांचे वाडे दिवाळीनंतर माणदेश, फलटण, बारामती या बाजूंनी घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याआधी परततात. संसार घोडीच्या पाठीवर. भांडी, जाळी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे, आणि कधी त्यावर बसलेले लहान मूल. या लोकांनी शालिहोत्र वाचले नाही आणि ओळंबाही सोडला नाही. पण जी घोडी घाटात लंगडते तिची वंशावळ वाढत नाही. दोनशे वर्षे ही निवड बिनबोभाट चालू राहिली, दरवर्षी दोनदा, सह्याद्रीच्या दगडी पायवाटांवर.

बारामतीकडच्या अश्वप्रेमींनी पाठपुरावा केला आणि २०२४ च्या सुरुवातीस कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. देशातली घोड्यांची ही आठवी नोंद. त्याआधी २०२३ मध्ये महाराष्ट्राचे राज्यगीत ठरले, त्यातही या तट्टांचा उल्लेख आहे. आनंद झाला. पण नोंद झाली की प्रदर्शने भरतात, बक्षिसे लागतात, आणि मग बक्षीस कशाला द्यायचे हा प्रश्न येतो. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो, नांदेडच्या माळेगावालाही खंडोबाच्या यात्रेत भरतो. तिथे भाव कशाला येतो? उंचीला, पांढऱ्या नुकऱ्या रंगाला, नाचाला आणि देवमणाला. वरातीला तेच लागते. घोडा पाळणाऱ्याला दोन पैसे मिळावेत यात गैर काही नाही. पण उंचीसाठी संकर केला की वर सांगितलेला घन आणि वर्गाचा हिशेब लागू होतो, आणि पाय मागे राहतात. प्रदर्शनाच्या कागदावर नळीचा घेर, खुराचा आकार आणि सरळ रेषेतली दुडकी यांचे रकाने असावेत असे मी ओळखीच्या मंडळींना लिहून कळवले आहे.

गेल्या हिवाळ्यात गावी गेलो होतो तेव्हा पाटसजवळच्या माळावर एक वाडा उतरला होता. त्यातली एक कुमाईत घोडी मी पाहू दिली का म्हणून विचारले. बिचारा म्हातारा मेंढका हसला, पण नाही म्हणाला नाही. मी टेप लावून नळीचा घेर घेतला, गुडघे चाचपले, चारही खूर उचलून पाहिले. मग त्याच्या नातवाला घोडी डांबरी रस्त्यावरून दुडकी पळवत नेऊन आणायला सांगितले. मान हलली नाही, पाऊल आत नाही, बाहेर नाही. म्हातारा म्हणाला, "पायाला काय बघतायसा डाक्टर? अकरा येळा कोकण उतरून आलीया ती." तिच्यामागे दीड वर्षाचे शिंगरू होते, आईपेक्षा उंच होणार हे उघड दिसत होते. बाप सारंगखेड्याहून आणलेला नुकरा. शिंगराचा रंग सुरेख पांढरट, गळ्यावर देवमण, आणि पुढचे दोन्ही खूर बाहेर वळलेले. त्याला गिऱ्हाईक आले होते, भावही चांगला बोलले होते. दिवाळीनंतर त्याला वाड्याबरोबर घाट उतरवायचे की वरातीसाठी विकून टाकायचे, ते म्हाताऱ्याने अजून ठरवले नव्हते.